‘शरीरशुद्धी’च्या चहात लपवलेली सोनामुखी

‘शरीरशुद्धी करा, पोटाचा घेर घटवा’ अशी जाहिरात करून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या एका चहाने माझ्या ताईची फसवणूक झाली. पाकिटावर ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ एवढंच ठळक छापलेलं. कोणत्या वनस्पती, किती प्रमाणात, याचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणे पारंपरिक मिश्रण आहे, सांगता येत नाही.

चहा रात्री झोपताना घ्यायचा. सकाळी पोटात मुरडा येऊन जुलाब व्हायचे आणि काट्यावर वजन उतरलेलं दिसायचं. मग लघवी तांबूस व्हायला लागली. ताई घाबरली, तर विक्रेता म्हणाला, “साठलेली विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, उत्तम लक्षण आहे.” मुरड्याबद्दलही तेच उत्तर. चहा थांबवल्यावर शौचालाच होईना, तेव्हा म्हणाला, “बघा, घाण अजून शिल्लक आहे, कोर्स वाढवा.” मला सगळ्यात जास्त चीड येते ती याचीच. त्रास होतोय हाच औषध लागू पडल्याचा पुरावा, असं सांगून त्याने पुढची पाकिटं खपवली.

पुढे पायांत गोळे यायला लागले, छातीत धडधडायला लागलं. रक्तात पोटॅशियम बरंच खाली गेलेलं निघालं. डॉक्टरांनी सगळं ऐकून सोनामुखीची, म्हणजे जुलाब करणाऱ्या वनस्पतीची, शंका घेतली. नाव घेऊनच विचारल्यावर विक्रेत्याने कबूल केलं, वर म्हणाला, “ती तर नैसर्गिकच आहे!”

सोनामुखी हे खरं, जुनं आणि उपयोगी औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. पण ते बद्धकोष्ठावरचं औषध आहे. पानांतले सेनोसाइड नावाचे रेचक घटक मोठ्या आतड्यात पोहोचले की तिथले जिवाणू त्यांचं विघटन करतात, त्यातून तयार होणारं द्रव्य आतड्याची हालचाल वाढवतं आणि पाणी शोषू देत नाही. याला साधारण 6 ते 12 तास लागतात, म्हणून रात्रीचा डोस आणि सकाळी परिणाम. अन्नातली चरबी मात्र त्याआधीच, लहान आतड्यात शोषली गेलेली असते. काट्यावरून उतरतं ते पाणी आणि मळ, दोन दिवस नीट खाल्लं-प्यायलं की वजन पुन्हा जागेवर. लघवीचा रंगही पानांतल्या रंगद्रव्यामुळेच बदलतो, विषाचा त्यात काही संबंध नाही.

हे औषध थोड्या दिवसांसाठीच घ्यायचं असतं. रोज महिनोन्महिने घेतलं तर जुलाबांवाटे पाणी आणि पोटॅशियमसारखे क्षार जातात. लघवी वाढवणाऱ्या किंवा हृदयासाठीच्या डिगॉक्सिनसारख्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम घसरणं जिवावर बेतू शकतं. पोटदुखीचं कारण कळलेलं नसताना किंवा आतड्याला अडथळा असताना तर ते मुळीच घेऊ नये.

म्हणून अशा चहाच्या, चूर्णाच्या पाकिटावर सोनामुखी, सनाय, सेन्ना किंवा कॅसिया अँगुस्टिफोलिया यांपैकी काही लिहिलंय का, ते आधी पाहा. घटकच दिलेले नसतील तर विक्रेत्याकडून लेखी मागा. आम्ही मागितले, त्यानंतर त्याने आमचा नंबर ब्लॉक केला. उरलेली पाकिटं, बिलं आणि ते सगळे मेसेज आम्ही तक्रारीसोबत जोडले आहेत.