क्ष मानावा की पर्यायातून उलटं यावं?

इंदूरात भंवरकुआंला स्पर्धा परीक्षांचा क्लास करून मुलं संध्याकाळी रामबागेत माझ्याकडे शंका घेऊन येतात, तेव्हा निम्म्या वेळा वाद एकच असतो. क्लासमधले सर म्हणतात, "समीकरण कशाला, पर्याय भरून बघा." शाळेत मात्र मांडणी नसेल तर गुणच मिळत नव्हते. काकू, कुणाचं ऐकू?

आधी एक गणित करू. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, एका ठेल्यावर भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस 50 रुपये प्लेट, गराडू (तळलेला कंद) 70 रुपये प्लेट. रात्रीत 24 प्लेटा गेल्या, गल्ल्यात 1,380 रुपये जमले. गराडूच्या प्लेटा किती? पर्याय: 7, 9, 11, 15. (भाव गणितापुरते आहेत, ठेल्यावर जाऊन वाद घालू नका.)

समीकरणवाला गराडूला क्ष मानतो. 70क्ष + 50(24 − क्ष) = 1,380, म्हणजे 20क्ष = 180, क्ष = 9. पर्याय असोत-नसोत, याचं काही अडत नाही. पण वेळ सोडवण्यात जात नाही, मांडण्यात जातो. शिवाय एखाद्याने क्ष किसाला मानला, 15 उत्तर आलं, आणि समोर पर्यायात 15 दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. पेपर काढणारा तो पर्याय उगाच ठेवत नाही. मी स्वतः एका भरतीच्या परीक्षेत असाच एक प्रश्न घालवलाय. तेव्हापासून वहीत 'क्ष = गराडू' असं शब्दांत लिहिते.

पर्यायवाल्याने पहिल्यापासून सुरू करू नये, मधला उचलावा. 11 घेतले तर 770 आणि 650 मिळून 1,420. चाळीस जास्त. गराडू वाढला की गल्ला वाढतो, म्हणून 11 आणि 15 एकदम बाद. आणि एका प्लेटीमागे फरक 20 चा, म्हणजे दोन प्लेटा कमी करा: 9. किती चुकलं हे पाहिलं तर एका फेरीत काम होतं. नुसतं 'जमलं नाही, पुढचा' असं करणारा चारही पर्याय तपासत बसतो आणि म्हणतो, ही पद्धत फार वेळ खाते.

तिसरी पद्धत घरातली मोठी माणसं तोंडी करायची. सगळा कीसच विकला असं धरा: 1,200. कमी पडले 180, फरक 20, उत्तर 9. पेनसुद्धा लागत नाही. कोंबड्या-शेळ्या, पाचची-दहाची नाणी, बरोबर-चूक उत्तरांचे गुण, अशा दोन दरांच्या गणितांत मी हिलाच पहिला नंबर देते. पण बाकी ठिकाणी ती ओढूनताणून बसवू नये.

वयाच्या गणितांत वेगळी गंमत आहे. आईचं वय मुलीच्या तिप्पट, 12 वर्षांनी दुप्पट होईल. आईचं आजचं वय? पर्याय 32, 36, 40, 45. तिप्पट म्हटलं म्हणजे तीनने भाग जायलाच हवा, तेव्हा 32 आणि 40 न सोडवताच गेले. 45 ला मुलगी 15. बारा वर्षांनी 57 आणि 27, दुप्पट नाही. राहिलं 36.

आता खरा प्रश्न: पेपर कोणता? इथल्या राऊच्या टेकडीवरच्या आयआयएमची, बारावीनंतरची प्रवेश परीक्षा आयपीमॅट द्यायची असेल, तर समीकरणाला पर्याय नाही, अगदी शब्दशः. तिथे गणिताचा एक विभाग असा असतो की उत्तर स्वतः टाइप करायचं. त्यात चुकीला गुण कापत नाहीत, पण भरून बघायलाही काही नसतं. एमबीए प्रवेशाच्या कॅटमध्येही असे काही प्रश्न येतात. केंद्र सरकारच्या नोकरभरतीच्या एसएससी सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात उलट: 60 मिनिटांत 100 प्रश्न, सरासरी 36 सेकंद, चुकीला अर्धा गुण कापला जातो. तिथे पर्यायांकडे न बघता मांडणी करत बसणं परवडत नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी सॅट देणाऱ्यांना तर स्क्रीनवरच आलेख काढणारं कॅल्क्युलेटर मिळतं आणि चुकीला गुणही कापत नाहीत. तिथे समीकरण नीट मांडलं की सोडवायचं काम यंत्राचं.

इंग्रजी पेपर देणाऱ्या मराठी मुलांसाठी एक गोष्ट. 'फाइव्ह लेस दॅन एक्स' वाचून मुलं 5 − क्ष लिहितात, कारण शब्द त्या क्रमाने येतात. मराठीत 'क्षपेक्षा 5 कमी' म्हणा, क्रम आपसूक बरोबर पडतो: क्ष − 5. वाक्य मनात मराठीत वळवून मग लिहायला मी सांगते. भास्कराचार्यसुद्धा अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणायचे, जितकं-तितकं. दुसरी लागली की 'कालक', तिसरी 'नीलक'. रंगांची नावं! क्षला घाबरणाऱ्या मुलांना हे सांगितलं की जरा हसतात.

दोन्ही प्रकारचे पेपर द्यायचे असतील, किंवा अजून ठरलंच नसेल, तर पहिला महिनाभर पर्यायांवर अंगठा ठेवून सोडवा. मांडणी हाताला बसली की अंगठा काढा आणि तीच गणितं उलट्या बाजूने करून घड्याळ लावा. एसएससीच द्यायची आणि परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल, तर मात्र अंगठा नको. सरळ मधला पर्याय उचला.