शंभर रुपयांची भेट: स्वयंसेवकांसाठी चार वर्षे केलेल्या खरेदीविषयी

आमच्या गटात आभाराची भेट निवडण्याचे काम बैठकीला जो सर्वांत उशिरा येतो त्याच्या गळ्यात पडते, आणि गेली चार वर्षे तो मान माझ्याकडे आहे. गणेश विसर्जनाच्या वेळी दादर चौपाटीवर निर्माल्य गोळा करणारे आमचे साठेक स्वयंसेवक असतात. त्यांत महाविद्यालयातील मुले-मुली आहेत, निवृत्त मंडळी आहेत आणि दरवर्षी न चुकता रजा टाकून येणारे काही नोकरदारही आहेत. दीड दिवसाच्या, पाच दिवसांच्या, गौरीबरोबरच्या आणि शेवटी अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाला ही माणसे हार, दूर्वा, केवडा आणि त्यांत गुंतलेले थर्माकोल व प्लास्टिक हाताने वेगळे करत रात्री उशिरापर्यंत उभी असतात. त्यांच्या भेटीसाठी खजिनदार माणशी शंभर रुपये मंजूर करतात, त्याहून एक रुपया जास्त नाही. त्या शंभर रुपयांत काय घेतले, कोठून घेतले आणि त्यातले प्रत्यक्षात काय वापरले गेले, हे इतर मंडळांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

खरेदीसाठी आम्ही चारही वर्षे अब्दुल रहमान स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांमध्येच गेलो. मशीद बंदर स्थानकावर पश्चिमेला उतरून किंवा सीएसएमटीहून चालत महात्मा जोतिबा फुले मंडईपाशी यावे, म्हणजे तेथून हा बाजार सुरू होतो. मंडईची इमारत १८६९ सालची असून तिच्या दारावरील शिल्पपट जॉन लॉकवुड किपलिंग यांचे आहेत. ते मान वर करून जरूर पाहावेत, मात्र कान मागून येणाऱ्या हातगाडीवाल्याच्या ‘बाजू, बाजू’कडे ठेवावेत. दुकाने सकाळी अकराच्या सुमारास उघडतात आणि रविवारी बहुतेक बंद असतात. नोकरदारांनी चालवलेल्या मंडळांची पहिली अडचण हीच, कारण त्यांना सवड फक्त रविवारी मिळते. येथे भाव डझनावर चालतो, एक नग मागितल्यास विक्रेता मान वर करून पाहतही नाही, आणि ‘डझन किती घेणार?’ या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज भाव सांगितला जात नाही. त्यामुळे आपली संख्या आधी पक्की करून जावे, आणि ती यादीतील नावांपेक्षा दहा-बारांनी अधिक धरावी. नाव न नोंदवता आलेला आणि सर्वांत जास्त राबलेला एक तरी मुलगा दरवर्षी असतोच, आणि भेट नेमकी त्याच्यापाशी येऊन संपते.

पहिल्या वर्षी आम्ही अॅक्रिलिकची स्मृतिचिन्हे घेतली. गटाचे चिन्ह, वर्ष आणि ‘सस्नेह कृतज्ञतेने’ ही अक्षरे असलेला तो पारदर्शक चौकोन दुकानात फार देखणा दिसला. शिवाय संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ५ डिसेंबर हा दिवस स्वयंसेवकांसाठी ठरवला असल्याचे आमच्यातील कोणीतरी शोधून काढले, म्हणून त्या मुहूर्तावर सभागृह घेऊन कार्यक्रम करायचे ठरले. सभागृहाचे भाडे भेटींच्या एकूण खर्चाहून अधिक झाले, तीन पाहुण्यांची भाषणे झाली, आणि सप्टेंबरमधल्या कामासाठी डिसेंबरात दादरला येण्याची तसदी साठांपैकी तिसांनीही घेतली नाही. जे आले त्यांना संध्याकाळी सातच्या कल्याण लोकलमध्ये सॅक पोटाशी धरून, तिच्यावर ते टोकदार अॅक्रिलिक सांभाळत जावे लागले. न वाटली गेलेली स्मृतिचिन्हे आजही माझ्या माळ्यावर एका खोक्यात आहेत, आणि त्यांवर वर्ष कोरलेले असल्याने ती पुन्हा कोणाला देताही येत नाहीत.

पुढल्या वर्षी स्टीलच्या पाण्याच्या बाटल्यांवर एकमत झाले. वस्तू म्हणून बाटलीत काही वाईट नाही. मात्र शंभर-सव्वाशे रुपयांत मिळणारी बाटली एकपदरी असते, आणि तिची खरी परीक्षा स्टीलपेक्षा झाकणातील रबरी वायसरवर होते. विक्रेत्याने ‘फूड ग्रेड’ असा कागद चिकटवलेली बाटली पुढे करून तिला लोहचुंबक लावून दाखवले आणि तो चिकटत नाही म्हणजे माल उत्तम, असे सांगितले. ही खूण भरवशाची नाही. स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त २०२ प्रतीत महागड्या निकेलचा बराचसा भाग मँगनीजने भरून काढलेला असतो, पण तेही स्टील चुंबकाला सहसा चिकटत नाही. दोहोंतला फरक सहा महिन्यांनी तळाशी गंज दिसू लागला की कळतो. आमच्या बाटल्यांबाबत ती वेळ आलीच नाही, कारण दुसऱ्याच आठवड्यात त्यांतील पाणी कोणाच्या वह्यांवर, कोणाच्या डब्यावर आणि एका मुलीच्या प्रयोगवहीवर सांडल्याच्या तक्रारी आल्या. बाटली घ्यायचीच असेल, तर निदान एक नमुना पाण्याने भरून, आडवा करून, रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवून पाहावा. छापील मगांविषयी मी फारसे लिहीत नाही. चिनी मातीचे साठ मग टॅक्सीने दादरला आणताना शेजारच्या एका मंडळाचे सात फुटले, एवढे पुरे आहे.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी कापडी पिशव्या द्यायचे ठरले, आणि प्लास्टिक वेचणाऱ्यांना कापडी पिशवी यापरते साजेसे काय असणार, असे सर्वांनाच वाटले. बाजारातील एका दुकानात जाड, कोऱ्या सुती कापडाचा नमुना पाहिला, त्यावर एका रंगात छपाई करून देण्याचे ठरले आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली. स्क्रीन छपाईत रंगागणिक वेगळी चौकट करावी लागते आणि तिचा खर्च पिशव्या साठ असोत की सहाशे, तेवढाच येतो. म्हणून थोड्या संख्येला एकच रंग परवडतो, हे तेथे समजले. माल अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आला. गठ्ठा सोडला तेव्हा पिशव्या नमुन्यापेक्षा हलक्या, बारीक ठिपक्यांचा नक्षीकाम केल्यासारखा पोत असलेल्या आणि हातात घेतल्यावर किंचित करकरणाऱ्या लागल्या. दूरध्वनीवर दुकानदाराने ‘कापडीच आहे साहेब, नॉन-वोव्हन कापड’ असे ठामपणे सांगितले.

नॉन-वोव्हन म्हणजे न विणलेले, आणि या पिशव्यांच्या बाबतीत ते बहुधा पॉलिप्रॉपिलीन असते, म्हणजेच प्लास्टिकचे तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून केलेले पान. खात्री करण्यासाठी आमच्या इमारतीतील काकूंनी पिशवीच्या शिवणीतून एक कोपरा कापला आणि गॅसच्या ज्योतीवर चिमट्याने धरला. सुती कापड जळते, जळालेल्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. हा तुकडा जळण्याऐवजी आक्रसला, वितळला आणि त्याचा काळसर, टणक मणी होऊन चिमट्याला चिकटला. केंद्राच्या नियमांनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून अशा पिशव्यांना चौरस मीटरमागे किमान ६० ग्रॅम वजनाची अट आहे, म्हणजे कायद्यालाही त्यांची गणना प्लास्टिकबरोबरच करावीशी वाटते. निर्माल्यातून प्लास्टिक वेगळे काढणाऱ्या साठ जणांना आम्ही प्लास्टिकच्याच पिशव्या दिल्या, आणि दुसरे काही आणायला वेळ उरला नव्हता म्हणून निमूटपणे दिल्या. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. आमच्याकडे असलेल्या कच्च्या पावतीवर फक्त ‘बॅग ६० नग’ एवढेच लिहिले होते. पक्क्या बिलावर कापडाचे नाव, वजन आणि माप लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, हे मी त्या पावतीवरून शिकलो.

त्या पिशव्यांच्या एका बाजूला आमचे चिन्ह होते आणि दुसऱ्या बाजूला पाच देणगीदारांची नावे. दोन महिन्यांनी दादरच्या भाजीबाजारात आमची एक स्वयंसेविका भेटली, तेव्हा तिच्या हातात तीच पिशवी होती, पण उलटी करून घेतलेली, शिवण बाहेर आणि छपाई आत. मला पाहून ती थोडी ओशाळली. वास्तविक ओशाळायचे मी होतो. स्वतःचे आणि देणगीदारांचे नाव छापून आपण वस्तू देतो तेव्हा घेणाऱ्याला ती जाहिरातीचा फलक म्हणून मिरवावी लागते, आणि वर तिच्यासाठी त्याने आपले आभारही मानावेत अशी आपली अपेक्षा असते.

चौथ्या वर्षी मी काकूंनाच बरोबर नेले, आणि हे मी पहिल्याच वर्षी करायला हवे होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पन्नास-साठ बायकांना वाण लुटणाऱ्या स्त्रीला माणशी ठरावीक रकमेत, डझनाच्या भावाने, घरी गेल्यावर अडगळ होणार नाही अशी वस्तू निवडण्याचा जो सराव असतो, तो कोणत्याही मंडळाच्या कार्यकारिणीत नसतो. काकू तीस वर्षे या बाजारातून वाण आणत आहेत. मी यादी काढली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘तुमची पोरं तिथे उभी असताना त्यांना सारखं काय लागतं?’ मी म्हणालो, घाम पुसायला काहीतरी. ‘मग नॅपकिन घे की. त्यात बैठका कसल्या घेता?’

त्या दिवशी आम्ही सोलापुरी सुती नॅपकिन घेतले, साधारण चौदा बाय एकवीस इंचांचे, गळ्यात टाकता येतील असे. काकूंची निवडीची रीत पाहण्यासारखी होती. त्यांनी पहिला नॅपकिन उजेडासमोर धरून विणीची दाटी पाहिली, दुसऱ्याच्या पृष्ठावरचे धाग्याचे बारीक फासे नखाने ओढून धागा सुटतो का ते तपासले, आणि मग स्वतःचा पांढरा रुमाल बाटलीतील पाण्याने भिजवून लाल नॅपकिनवर जोरात घासला. रुमाल गुलाबी झाला. दुकानदाराने काही न बोलता तो गठ्ठा मागे सारला आणि फिक्या रंगांचा पुढे केला, आणि पुढचा भाव त्याने काकूंना सांगितला, मला नाही. सहा डझन नग करासह बावन्न रुपयांप्रमाणे ३,७४४ रुपयांना मिळाले. दुकानदाराने चिन्ह भरतकामाने काढून देण्याची तयारी दाखवली होती, आमच्या अध्यक्षांचाही तसा आग्रह होता, परंतु काकूंनी ‘नको’ म्हटल्यावर तो विषय तेथेच संपला.

वस्तूचा दोषही सांगितला पाहिजे. कोऱ्या नॅपकिनवर मऊपणासाठी केलेल्या प्रक्रियेमुळे तो पहिल्या दिवशी पाणी नीट टिपत नाही, नुसते पसरवतो. म्हणून काकूंनी आणि आणखी तिघींनी बहात्तर नॅपकिन आधी धुऊन वाळवले. सप्टेंबरमधील मुंबईच्या हवेत त्यांना वाळायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस आमच्या इमारतीच्या गच्चीवर दुसऱ्या कोणाला कपडे वाळत घालता आले नाहीत. ज्यांच्याकडे अशा चौघी नाहीत आणि गच्चीही नाही, त्यांनी हा खटाटोप टाळून पातळ सुती पंचे घ्यावेत. ते लवकर वाळतात आणि भावही थोडा कमी पडतो.

नॅपकिनबरोबर प्रत्येकाला एक पत्र दिले, आणि तरुण मुलांच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे ठरले. राष्ट्रीय सेवा योजनेत, जी २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली, विद्यार्थ्याला वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. त्यामुळे ‘बहुमोल सहकार्य लाभले’ अशा गुळगुळीत मजकुरापेक्षा कोणत्या तारखांना, कोठे, किती तास काम केले हे स्पष्ट लिहिलेला, सही-शिक्क्याचा कागद त्यांना हवा असतो. प्रत्येक पत्रात आम्ही एक ओळ हाताने लिहिली. एकाला लिहिले, ‘तुम्ही पाचव्या दिवशी भरती आल्यावर निर्माल्याचा कलश मागे ओढलात, म्हणून ते निर्माल्य वाचले.’ बहात्तर पाकिटे, कागद आणि छपाई यांना सहाशे रुपये लागले, आणि ओळी लिहायला तीन रात्री. नावे मात्र ज्याची त्याला विचारून लिहावीत. पहिल्या वर्षीच्या प्रमाणपत्रांवर आम्ही एका ज्येष्ठ स्वयंसेवकांचे आडनाव चुकवले होते आणि ते त्यांनी अजून विसरलेले नाही.

वाटपासाठी वेगळा कार्यक्रम केला नाही. अनंत चतुर्दशीला रात्री आठ वाजता, काम ऐन जोरात येण्यापूर्वी, नॅपकिन हातात दिले आणि पत्रे पहाटे घरी निघताना दिली. उरलेल्या रकमेत सर्वांचे वडापाव झाले, चहा चौपाटीजवळच्या एका रहिवाशाने पाठवला. रात्री जादा सोडलेल्या लोकल पकडायला मुले निघाली तेव्हा बहुतेकांच्या गळ्यात नॅपकिन होता, ओला, मळलेला, केवड्याच्या वासाचा.

या वर्षी काकू आषाढातच खरेदी उरकायची म्हणत आहेत, कारण राखीपौर्णिमा जवळ आली की त्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा मिळत नाही आणि दुकानदारही भाव तोडायला तयार होत नाहीत. अध्यक्षांनी नॅपकिनच्या कोपऱ्यात अगदी लहान, नाण्याएवढे चिन्ह काढण्याचा प्रस्ताव पुन्हा मांडला आहे. काकूंना तो अजून कोणी सांगितलेला नाही.