जामीन झाला हे कळतं, सुटला हे कळत नाही: ई-कोर्ट्स आणि इतर सरकारी सेवांचं नाशिककरांसाठी परीक्षण

नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातून अमुक माणूस सुटला का, हे विचारणारे साधारण दोन तऱ्हेचे असतात. एक घरचे, ज्यांना त्याला आणायला जेलरोडला जायचं असतं. दुसरे फिर्यादी, ज्यांना तो गल्लीत दिसायच्या आधी कळायला हवं असतं. दोघांच्याही हाताशी ई-कोर्ट्स (जिल्हा-तालुका न्यायालयांतल्या प्रकरणांची माहिती), उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ, महाराष्ट्र पोलिसांचं सिटिझन पोर्टल आणि ई-प्रिझन (कारागृहांची संगणक प्रणाली) या फुकट सेवा आहेत. यातली एकही सेवा अनोळखी माणसाला 'सुटला' असं सरळ सांगत नाही. मात्र नीट वापरल्या तर तुरुंगाच्या फाटकापर्यंत नेऊन सोडतात. पुढचं काम कागदी अर्जांनी.

आधी एक घोळ मिटवू. मोबाइलवर 'जेल रिलीज रेकॉर्ड' असं शोधलं की 'इनमेट लुकअप'ची पानंच्या पानं येतात. ती अमेरिकेतली. तिथे काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, तुरुंग बहुतेक ठिकाणी शेरीफच्या ताब्यात असतं आणि आत कोण आहे याची यादी बऱ्याच काउंट्या उघड ठेवतात. केंटकी राज्यातल्या जेफरसन काउंटीत तर १९९४ पासून पीडिताला सुटकेचा निरोप आपोआप देणारी 'व्हाइन' नावाची सेवा आहे. जामिनावर सुटलेल्या माणसाने एका तरुणीचा खून केला आणि तो सुटल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं, त्यातून ती उभी राहिली. त्या पानांवर नाशिकरोडचा बंदी सापडणार नाही. नाव टाका, पैसे भरा म्हणणाऱ्या खासगी पानांवर तर अजिबात नाही.

आता ई-कोर्ट्स. संकेतस्थळ आहे, त्याच नावाचं ॲपही आहे, आणि या कामासाठी यापेक्षा उपयोगी सेवा दुसरी नाही. 'केस स्टेटस'मध्ये राज्य, मग जिल्हा नाशिक, मग न्यायालय संकुल निवडायचं. पहिली चूक इथेच होते. सीबीएसजवळचं जिल्हा न्यायालय हे एक संकुल झालं. नाशिकरोड, सिन्नर, येवला, निफाड, मालेगाव ही वेगळी संकुलं आहेत. गुन्हा तालुक्याचा असेल तर मूळ खटला तालुक्याच्या कोर्टात दिसतो, पण जामीन अर्ज सत्र न्यायालयात गेला की तो दुसऱ्याच संकुलात सापडतो. मालेगाव आणि निफाडला अतिरिक्त सत्र न्यायालयं आहेत, तेव्हा त्या भागातला गुन्हा असेल तर तिथेही बघा. एका संकुलात 'रेकॉर्ड नॉट फाउंड' आलं म्हणून अर्जच झाला नाही असं धरून चालू नका.

एफआयआर क्रमांक, पोलिस ठाणं आणि वर्ष हाताशी असेल तर 'एफआयआर नंबर'चा पर्याय सगळ्यात खात्रीचा. नावाने शोधायचं तर किमान तीन अक्षरं आणि वर्ष लागतं, आणि इंग्रजी स्पेलिंग जीव खातं. वाघमारे व्हीने लिहिलाय की डब्ल्यूने, ज्ञानेश्वर डीपासून सुरू होतो की जीपासून, शेखचे तर चार प्रकार. पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि यादी चाळा. वर्ष टाकायचं ते अर्ज कोर्टात नोंदला गेला त्याचं, गुन्ह्याचं नव्हे. डिसेंबरातल्या अटकेचा अर्ज जानेवारीत आलेला असू शकतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते 'पेंडिंग' आणि 'डिस्पोज्ड' या दोन शब्दांत. जामीन अर्ज हे स्वतंत्र प्रकरण असतं. त्यावर हुकूम झाला, मग तो मंजुरीचा असो वा नामंजुरीचा, की अर्ज निकाली निघतो. म्हणजे जामीन मिळालेल्या माणसाचा अर्ज 'पेंडिंग'च्या यादीत दिसणारच नाही. 'डिस्पोज्ड' किंवा 'बोथ' निवडल्याशिवाय तो वर येत नाही. आणि वर आला की घरचे उलटा अर्थ काढतात, 'केस संपली'. खटला संपलेला नसतो, फक्त अर्ज संपलेला असतो. निकालाच्या प्रकाराच्या ओळीत 'अलाउड' आहे की 'रिजेक्टेड', ते वाचा.

आणखी एक खूण. जामीन अर्जात आरोपी हा अर्जदार असतो आणि समोर महाराष्ट्र शासन. मूळ फौजदारी खटल्यात, म्हणजे आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) किंवा सेशन केसमध्ये, हे उलट असतं: शासन वर, आरोपी खाली, आणि आरोपी अनेक असतील तर मथळ्यात पहिल्याचंच नाव. तुमचा माणूस तिसरा आरोपी असेल तर मथळ्यावर विसंबू नका, प्रकरण उघडून पक्षकारांची यादी बघा. दोषारोपपत्र दाखल होण्याआधी आर.सी.सी. क्रमांकच पडलेला नसतो. त्यासाठी पोलिसांना गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवस असतात. त्यात ते आलं नाही तर आरोपी तेवढ्याच कारणावर जामीन मागू शकतो. या काळात खटला शोधून उपयोग नाही, जामीन अर्जच शोधायचा.

प्रकरण सापडलं की सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून घ्या. पुढच्या वेळी नाव-वर्ष-संकुल काही लागत नाही, आणि ॲपमध्ये तो साठवून ठेवला की तारीख बदलली तरी दिसते. खाली 'ऑर्डर्स'मध्ये हुकुमाची पीडीएफ असते. ती शेवटपर्यंत वाचा. जातमुचलका किती रुपयांचा, जामीनदार किती, पोलिस ठाण्यात हजेरी कुठल्या वारी, अमुक तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही, साक्षीदारांना भेटायचं नाही, हे सगळं त्या शेवटच्या परिच्छेदांत असतं. फिर्यादीच्या दृष्टीने सुटकेच्या तारखेइतकंच हे महत्त्वाचं. अट मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३(३) खाली करता येतो, आणि त्या अर्जाचा पाया हीच पीडीएफ.

सुटकेचा सगळ्यात जवळचा पुरावा मात्र मूळ खटल्याच्या तारखांमध्ये लपलेला असतो. 'केस हिस्टरी'त प्रत्येक मागच्या तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशीचं कामकाज उघडतं. रोजनाम्यात आरोपीला तुरुंगातून व्हीसीने (व्हिडिओ कॉन्फरन्सने) हजर केलं असं असेल तर तो अजून आत आहे. आरोपी जामिनावर, हजर असं आलं की बाहेर आहे. कधी तिथे फक्त 'पुढील तारीख' एवढंच असतं, मग हात टेकायचे. लैंगिक अत्याचाराच्या आणि पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) प्रकरणांत नावं व हुकूम झाकलेले असतात. ते बरोबरच आहे. या कामासाठी ई-कोर्ट्सला पाचपैकी चार. कापलेला एक गुण कॅप्चासाठी. आडनावाचं प्रत्येक स्पेलिंग करून बघताना तो दरवेळी नव्याने भरावा लागतो.

सत्र न्यायालयाने नाकारलं तर पुढचा अर्ज उच्च न्यायालयात जातो. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे येतो, औरंगाबाद खंडपीठाकडे नाही. शेजारच्या जळगाव-धुळ्याची प्रकरणं खंडपीठाकडे जातात, म्हणून गफलत होते. तिथे 'बेल ॲप्लिकेशन' हा प्रकार निवडून शोधा.

आता मधली दरी. कोर्टाने दुपारी जामीन दिला आणि माणूस संध्याकाळी घरी, असं क्वचितच घडतं. जामीनदार उभा करायचा, त्याचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला, रेशनकार्ड, फोटो. कोर्टाने ते स्वीकारायचं. मग सुटकेचा आदेश निघून कारागृहात पोचायचा. उच्च न्यायालयाने जामीन दिला तरी जामीनदार सहसा खालच्याच कोर्टात द्यावा लागतो. संध्याकाळची गिनती होऊन बराकी बंद झाल्या की आदेश दुसऱ्या दिवसावर. २०२१ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात साडेपाचची वेळ चुकली म्हणून एका गाजलेल्या प्रकरणात सुटका दुसऱ्या सकाळवर गेली होती. ऐपतीच्या जामीनदाराची जुळवाजुळव व्हायला वेळ लागणार असेल तर वकिलाला तात्पुरता रोख जामीन मागायला सांगा.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला यावर निर्देश दिले आहेत. जामिनाच्या हुकुमाची प्रत कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांना ईमेलने पाठवायची. अधीक्षकांनी ती तारीख ई-प्रिझन प्रणालीत नोंदवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. घरच्यांनी आठव्या दिवशी थेट प्राधिकरणाच्या कार्यालयात जावं, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. नाहीतर १५१०० वर फोन करावा.

जामीन होऊनही माणूस आत राहण्याची दुसरी कारणं वेगळी. दुसऱ्या गुन्ह्याच्या कोठडीत वर्ग झालेला असतो, किंवा एमपीडीए या धोकादायक गुंडांविरुद्धच्या प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध असतो. उलटही होतं. शिक्षा झालेला बंदी बाहेर दिसला म्हणजे सुटला असं नाही. तो संचित रजेवर, म्हणजे फर्लोवर, किंवा अभिवचन रजेवर, म्हणजे पॅरोलवर असू शकतो. या रजांचा मागमूस ई-कोर्ट्सवर सहसा लागत नाही, कारण त्या कारागृह प्रशासन आणि महसूल खातं देतं. रजा नाकारली आणि बंदी उच्च न्यायालयात गेला, तरच तिथे काही सापडतं.

ई-प्रिझनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लोकांसाठी उघडा भाग म्हणजे कैद्यांचे आकडे आणि ई-मुलाकात. ई-मुलाकात ही भेटीची नोंदणी आहे, शोधयंत्र नव्हे. त्यात बंद्याचं नाव, वडिलांचं नाव, कारागृह आणि तुमचं ओळखपत्र द्यावं लागतं. नातेवाइकांना भेटीसाठी उत्तम. सुटकेच्या शोधासाठी पाचपैकी एक.

पोलिसांच्या पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' हा भाग खरंच कामाचा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं. इथला खड्डा एकच: नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण ही दोन वेगळी युनिटं आहेत. अंबड, सातपूर, पंचवटी, उपनगर शहरात. सिन्नर, घोटी, ओझर ग्रामीणमध्ये. रेल्वे स्थानकातला गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे. चुकीचं युनिट निवडलं की पान रिकामं. इथून एफआयआर क्रमांक उचलायचा आणि ई-कोर्ट्सवर जायचं, एवढाच या पोर्टलचा उपयोग; सुटकेचा त्यात मागमूस नाही. अडीच गुण.

भाडेकरू किंवा कामगार ठेवायचा म्हणून जे शोधत बसतात, त्यांनी हा सगळा खटाटोप करू नये. नावं सारखी असतात, निर्दोष सुटलेल्याचं नावही यादीत तसंच राहतं, आणि कुणाच्या तरी रोजीरोटीवर येतं. त्या माणसालाच पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगा. कोर्टाबाहेर हजार-पाचशे घेऊन 'रेकॉर्ड काढून देतो' म्हणणारेही हीच फुकटची पानं छापून देतात.

आता कागद. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या प्रकरणात पीडिताला जामिनासकट प्रत्येक कारवाईची वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क कलम १५अ मध्ये आहे. सूचना आली नसेल तर विशेष सरकारी वकिलांना लेखी विचारा. बाकीच्या फिर्यादींनी तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. हुकुमाची प्रमाणित प्रत हवी तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा. खटल्याशी संबंध नसलेल्याला कारण लिहून कोर्टाची परवानगी काढावी लागते.

शेवटचा मार्ग माहिती अधिकाराचा. अर्ज कारागृह अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण धमकीची तक्रार केली असेल तर तिची प्रत जोडून तसं पहिल्याच ओळीत लिहा. नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(जे) अधिक कडक झालंय, म्हणून 'त्याची सगळी माहिती द्या' असं मागितलं की अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त. कलम ८(२) मधल्या जनहिताचा उल्लेख करा आणि मागणी अशी नेमकी ठेवा: 'अमुक पोलिस ठाणे, गु.र.नं. अमुक, या प्रकरणात अमुक न्यायालयाच्या अमुक तारखेच्या जामीन आदेशानुसार सुटकेचा आदेश आपल्या कार्यालयास कोणत्या दिनांकास प्राप्त झाला व त्यावर कोणत्या दिनांकास अंमल झाला?' (गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, एफआयआरचाच क्रमांक.) नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचं तिकीट लावून.