पायपेटी आली एकदाची, पण एजंटला तीनच स्टार

पॅरिसच्या जुन्या बाजारातनं पायपेटी (पायानं भाता मारायची हार्मोनियम) घेतली, १८९० च्या आसपासची, आणि ती सांगलीत घरी यायला साडेचार महिने गेले. क्लिअरिंग एजंट, म्हणजे कस्टम्समधनं माल सोडवून देणारा, इथलाच, नाव नको. माणूस बोलायला गोड, पण फोन केला की "होतंय साहेब, फाईल आत आहे" एवढंच.

खरं अडलं होतं पट्ट्यांवर. पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंती आहेत का म्हणून कस्टम्सनं विचारलं, आणि हस्तिदंत निघालं तर वन्यजीव कायदा आडवा येतो, सायटीसची (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) भानगड वेगळीच, मग हे एजंटनं माल निघायच्या आधी सांगायला नको का ओ? शेवटी मीच दुकानदाराला मेल करून पट्ट्या सेल्युलॉइडच्या आहेत असं लिहून घेतलं. त्यात अँटिक म्हणून कस्टम्सच्या ९७०६ या कोडखाली पेटी दाखवायची तर वस्तू १०० वर्षांपेक्षा जुनी पाहिजे, आणि आमच्या बिलावर नुसतं 'जुनं वाद्य', सालच नाही! तोवर गोदामभाडं रोज चढतंय, घरात बायकोची बोलणी वेगळी.

एक मात्र मान्य, कागद हातात पडल्यावर गड्यानं आठ दिवसांत माल सोडवला आणि प्रत्येक पैशाची पावती दिली, वरचं काही मागितलं नाही.

बाहेरनं मागवायचीच असेल तर बिलावर साल आणि कशाची बनलीय ते आधीच लिहून घ्या, खोक्याच्या लाकडावर फ्युमिगेशनचा (कीड मारायच्या धुरीचा) शिक्का बघा. पेटीचा भाता फाटलाय, आता दुरुस्तीला मिरजेला न्यायचीय.