स्ट्रीट ग्लाइडवर चार चॅनलचा अ‍ॅम्प: आवाज कशाने वाढतो, कशाने फाटतो

हार्ली-डेव्हिडसनच्या २०१४ ते २०२३ दरम्यानच्या स्ट्रीट ग्लाइड या मोटरसायकलचा मूळ स्टिरिओ कर्वे रस्त्यावर चाळीसच्या वेगाला चांगला वाजतो. तीच गाडी सातारा रस्त्याला नव्वदच्या पुढे गेली की गायकाचे शब्दही नीट कळत नाहीत. मूळ हेडयुनिट, म्हणजे गाडीतला मुख्य स्टिरिओ, प्रत्येक चॅनलला २५ वॅट देतं आणि फेअरिंगमध्ये, म्हणजे हँडलपुढच्या कवचात, सव्वापाच इंची स्पीकर असतात. एवढ्या ऐवजावर वाऱ्याशी झुंजता येत नाही. पुण्यात यावर जो उपाय हमखास सुचवला जातो तो म्हणजे साडेसहा इंची स्पीकर आणि रॉकफर्ड फॉसगेटचा पीबीआर३००एक्स४ हा छोटा अ‍ॅम्प. हे परीक्षण त्या जोडीचं आहे. अ‍ॅम्प उत्तम आहे, घ्यावा. पण ज्या क्रमाने हे काम सहसा केलं जातं तो क्रम चुकीचा आहे, आणि त्यामुळेच इतके पैसे घालूनही आवाज फाटतो.

आधी वॅटचं गणित. या जोडीने २५ वरून ७५ वॅटवर जाणं म्हणजे आवाज तिप्पट नव्हे, वाढ जेमतेम पावणेपाच डेसिबलची. कानाला ती जाणवते, पण थक्क करणारी नसते. उलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला तो किती मोठा वाजतो तो आकडा, ८८ ऐवजी ९२ डेसिबल असेल, तर एकही वॅट न वाढवता चार डेसिबल हातात येतात. ९२ चा स्पीकर २५ वॅटवर आणि ८८ चा स्पीकर ७५ वॅटवर जवळपास सारखाच मोठा वाजतो. म्हणून पैसे मोजके असतील तर ते आधी स्पीकरवर घालावेत, अ‍ॅम्प नंतर आला तरी चालतो.

स्पीकरच्या खोक्यावरचा हा आकडा वाचताना मात्र डोळे उघडे ठेवा. मोजणी '१ वॅट, १ मीटर' अशी आहे की '२.८३ व्होल्ट, १ मीटर' अशी, ते पाहा. २.८३ व्होल्ट आठ ओहमला १ वॅट देतात, पण दोन ओहमच्या स्पीकरला ४ वॅट. म्हणजे दोन ओहमचा स्पीकर व्होल्टच्या मोजणीत फुकटात सहा डेसिबल चांगला दिसतो. मोटरसायकलसाठी बनवलेले बरेच स्पीकर दोन ओहमचेच असतात, त्यामुळे ही तुलना केल्याशिवाय खरेदी करू नये.

आता अ‍ॅम्प. चार ओहमवर ५० वॅटचे चार चॅनल, दोन ओहमवर ७५ वॅटचे चार, किंवा ब्रिज करून, म्हणजे दोन-दोन चॅनल एकत्र जोडून, चार ओहमवर १५० वॅटचे दोन. आकाराने इतका लहान की बॅटविंग फेअरिंगच्या आत हेडयुनिटच्या आसपास बसतो. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, कारण त्या फेअरिंगमध्ये मोकळी जागा फारच थोडी असते. पुढच्या दोन स्पीकरना दोन चॅनल दिले की उरलेले दोन सॅडलबॅगच्या (मागच्या चाकाशेजारच्या डिक्क्यांच्या) झाकणांतल्या स्पीकरसाठी ठेवता येतात. इथे एक चूक वारंवार होते. पुढे दोनच स्पीकर आहेत म्हणून चारही चॅनल ब्रिज केले जातात आणि त्यावर दोन ओहमचे स्पीकर जोडले जातात. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला स्पीकरच्या निम्मा, म्हणजे एक ओहमचा भार दिसतो. अ‍ॅम्प आवाज वाढवताच प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, गाणं तुटक वाजतं, आणि दोष अ‍ॅम्पला दिला जातो. जोडण्याआधी मल्टीमीटरने स्पीकर मोजा. चार ओहमचा साधारण सव्वातीन ते साडेतीन दाखवतो, दोन ओहमचा पावणेदोनच्या आसपास.

या हेडयुनिटला आरसीए आउटपुट, म्हणजे बाहेर द्यायचा वेगळा हलका सिग्नल, नाही. स्पीकरच्या तारांमधूनच सिग्नल घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ सॉकेटमध्ये बसणारं तयार हार्नेस (तारांचा जुडगा) घ्यावं. मूळ तारा कापून टेप गुंडाळणाऱ्याकडे गाडी सोडू नये. खरी अडचण पुढे आहे. कंपनीने हेडयुनिटमध्ये स्वतःच्या छोट्या स्पीकरसाठी एक ठरावीक ईक्यू (खर्ज किती, वरचे सूर किती, याची जुळणी) भरून ठेवलेला असतो. तोच वाकडातिकडा सिग्नल अ‍ॅम्पकडे जातो आणि अ‍ॅम्प तो इमानेइतबारे मोठा करतो. साडेसहा इंची चांगला स्पीकर मग किरकिरा तरी वाजतो किंवा खर्जात थापा मारतो. उपाय म्हणजे हेडयुनिट फ्लॅश करून, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदलून, तो ईक्यू सपाट करणं. डीलरकडच्या डिजिटल टेक्निशियन यंत्रावर ते होतं, बाहेरची साधनंही मिळतात. २०२० नंतर भारतात हार्लीचं वितरण हिरो मोटोकॉर्पकडे आहे. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरून फ्लॅश करण्याआधी सर्व्हिस सेंटरशी बोलून लेखी उत्तर घ्यावं. फ्लॅश न करता केलेलं बाकीचं सगळं काम अर्धवट राहतं, हे ठामपणे सांगतो.

वीज. ३०० वॅटचा अ‍ॅम्प ८० टक्के कार्यक्षम धरला तरी पूर्ण ताकदीला बॅटरीकडून ३७५ वॅट, म्हणजे साडेतेरा व्होल्टला जवळजवळ २८ अँपिअर मागतो. गाण्यात ही मागणी क्षणिक असते. सरासरी चार ते दहा अँपिअर पकडावी. चालत्या गाडीत जनरेटर हे सहज पुरवतो. हिंजवडीच्या सिग्नलला आयडलवर उभं राहून मोठ्याने लावाल तेव्हा मात्र भरपाई बॅटरीतून होते. मूळ एजीएम बॅटरी २८ अँपिअर-अवरची आहे. इंजिन बंद ठेवून मुळशीच्या काठावर तासभर गाणी ऐकली तर सेल्फ मारायला ताकद उरेलच याची खात्री नाही. व्होल्टमीटर १२.४ वर आला की बंद करावं.

बॅटरी सीटखाली आणि अ‍ॅम्प फेअरिंगमध्ये, म्हणजे जाऊन-येऊन साधारण तीन मीटर तार. २.५ स्क्वेअर एमएमची तार वापरली तर २८ अँपिअरला सहा दशांश व्होल्टहून अधिक वाटेतच जातात. १० स्क्वेअर एमएममध्ये हेच नुकसान दीड दशांशावर येतं. ६ स्क्वेअर एमएम चालते, त्याखाली जाऊ नये. तपकीर गल्लीत तार घेताना शुद्ध तांब्याचीच मागा आणि दुकानातच एक पदर ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी चमक दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. तेवढ्याच जाडीला त्याचा रोध दीडपटीच्या घरात असतो आणि कंपनाने ते लवकर तुटतं. कथिलाचा मुलामा असलेली मरीन तार मिळाली तर पावसाच्या दृष्टीने सर्वोत्तम, कारण साधं तांबं दोन पावसाळ्यांत टोकाशी काळंहिरवं पडू लागतं.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून १५ ते १८ सेंटिमीटरच्या आत हवा. फ्यूज तारेचं रक्षण करतो, अ‍ॅम्पचं नव्हे. अ‍ॅम्पजवळ लावलेला फ्यूज मधल्या मीटर-दीड मीटर तारेच्या शॉर्टपासून वाचवत नाही, आणि ती तार टाकीखालून, गरम इंजिनावरून जाते. ऋण तारही थेट बॅटरीलाच न्यावी. फ्रेमच्या बोल्टवर पेंट असतो, तिथे अर्थिंग कच्चं राहतं आणि इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढत-उतरत जाणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते. शिट्टी आली की लोक फिल्टर विकत घेतात. आधी अर्थिंग तपासा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर असतं. जोडांना सोल्डर करू नये. सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि हार्लीच्या व्ही-ट्विन (दोन सिलिंडरच्या) इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच मोडते. नाना पेठेत मिळणारे चांगले तांब्याचे लग, योग्य पकडीने क्रिंप करून, वर गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, हे सगळ्यात टिकाऊ.

स्ट्रीट ग्लाइडचं फेअरिंग हँडलबरोबर वळतं, कारण ते फोर्कवर बसलेलं असतं. रोड ग्लाइडचं फ्रेमवर असतं, ते जागचं हलत नाही. म्हणून स्ट्रीट ग्लाइडवर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहा आणि स्टिअरिंग नेकजवळ तारेला पुरेसा सैल वळसा ठेवा. ताम्हिणी घाटात ही तार दिवसभरात शेकडो वेळा वाकते. ताणलेली तार आधी मधूनमधून आवाज घालवते आणि मग एके दिवशी फ्यूज उडवते. रोड ग्लाइडमध्ये ही काळजी कमी आणि जागाही जास्त, त्यामुळे तिथे हेच काम सोपं जातं.

फेअरिंग उघडण्याआधी मुख्य फ्यूज आणि बॅटरीचं ऋण टोक काढावं. टॉर्क्स बिट लागतात, साध्या पेचकसाने स्क्रूचं डोकं सोलवटतं. बाहेरचं फेअरिंग पुढे ओढताना हेडलॅम्पचं कनेक्टर आधी सोडवा. परत बसवताना सगळे स्क्रू आधी हाताने दोन-दोन आटे लावून मगच आवळावेत, नाहीतर प्लॅस्टिकला तडा जातो.

स्पीकर बसवताना ज्याकडे दुर्लक्ष होतं तो भाग म्हणजे सीलिंग. स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना मिळाली तर खर्ज स्वतःच स्वतःला खातो. बंद पेशींच्या फोमची पट्टी कडेने पूर्ण गोल फिरवावी, अडॅप्टर रिंग आणि फेअरिंग यांच्यातही. काही शे रुपयांच्या या फोमने जो खर्ज परत मिळतो तो ५० वॅट वाढवून मिळत नाही. कागदी कोनचा स्पीकर घेऊ नये, पॉलिप्रॉपिलीन आणि रबरी सराउंड (कोनभोवतीची लवचिक कड) हवं. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा आणि तार अ‍ॅम्पमध्ये शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून जाईल. पावसापेक्षा मोठा शत्रू वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट आहे. ग्रिलवर तो सरळ मारू देऊ नका.

अ‍ॅम्प फोममध्ये गुंडाळून कोंबणं हा पुण्यातल्या एप्रिल-मे महिन्यात हमखास बंद पडण्याचा मार्ग. बाहेर चाळिशीला टेकलेलं तापमान, पुढे हेडलॅम्प, मागे हेडयुनिट, आणि ट्रॅफिकमध्ये वारा शून्य. अ‍ॅम्प अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर, भोवती दोन-तीन सेंटिमीटर हवा ठेवून बसवावा.

शेवटी ट्यूनिंग, आणि इथेच बसवणाऱ्याची पारख होते. हाय-पास, म्हणजे ठरावीक पट्टीखालचा खर्ज अडवणारा फिल्टर, ८० ते १०० हर्ट्झवर. त्याखालचा खर्ज या आकाराच्या स्पीकरला पेलत नाही आणि नव्वदच्या वेगाला वारा तो तसाही गिळतो. गेन आत येणारा सिग्नल किती पट मोठा करायचा ते ठरवतो, तो व्हॉल्यूमचा नॉब नाही. ईक्यू सपाट करून, स्पीकर सोडवून, १ किलोहर्ट्झचा शून्य डेसिबल टोन लावा. हेडयुनिट पाऊण ते ऐंशी टक्के व्हॉल्यूमवर ठेवून आउटपुटचं एसी व्होल्टेज मोजा. दोन ओहमच्या स्पीकरला ७५ वॅट म्हणजे १२.२ व्होल्ट, चार ओहमला ५० वॅट म्हणजे १४.१. तिथे गेन थांबवावा. 'अजून थोडं वाढवू' म्हणत पुढे गेलं की सिग्नलचं टोक छाटलं जातं आणि ट्वीटरची (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरची) कॉइल जळते. ज्याच्याकडे मीटर नाही, नुसता कान आहे, अशा ठिकाणी हे काम देऊ नये.

हे सगळं नीट झालं तर ऐकू काय येतं? चाळीस-पन्नासला फरक मोठा: ढोलकीची थाप कोरडी आणि वेगळी, गळा समोर. नव्वदला शब्द स्पष्ट राहतात, पखवाजाचा वरचा नाद राहतो, त्याच्या धुमाची, म्हणजे खर्जाच्या बाजूची, खोली मात्र जाते. तानपुरा जवळजवळ नाहीसा होतो. विलंबित ख्यालाच्या मैफिलीचं रेकॉर्डिंग महामार्गावर ऐकायचं साधन हे नव्हे. त्यात हळू आणि मोठ्या जागांमधलं अंतर फार असतं आणि हळू जागा वाऱ्यात बुडतात. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. त्याच्यावर गाणं चढवायचं म्हणजे कानांना दुहेरी मार. पुणे-मुंबई द्रुतगतीला दुचाकी बंदी असल्याने आपला प्रवास जुन्या रस्त्याने आणि घाटांनीच होतो, आणि त्या साठ-सत्तरच्या वेगाला ही जोडी आपल्या सर्वोत्तम रूपात असते. रोज लांब पल्ल्याला नव्वदच्या वर जाणाऱ्याने हेच पैसे चांगल्या हेल्मेट हेडसेटवर घालावेत.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांपासून १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. ७५ वॅटचा उघडा स्पीकर सिग्नलला हे सहज ओलांडतो. व्हॉल्यूमचं बटण अंगठ्याखाली आहे, पेठांमध्ये शिरताना ते खाली आणावं.

२०२४ पासूनच्या स्ट्रीट ग्लाइडला १२.३ इंची पडदा आणि स्कायलाइन ओएस आलं आहे. वर सांगितलेलं हार्नेस आणि फ्लॅश त्या गाडीला लागू नाही. जुन्या गाडीसाठी मात्र क्रम हा: आधी सेन्सिटिव्ह स्पीकर आणि सीलिंग, मग फ्लॅश, मग जाड तारेसकट अ‍ॅम्प. सॅडलबॅगचे स्पीकर मागे बसणाऱ्याला आवडतात, चालवणाऱ्याला त्यांचा उपयोग थोडा. ते पुढच्या वर्षावर टाकले तरी चालतील, दोन चॅनल मोकळे आहेतच.