इलेक्ट्रिक गाडीचा पुढचा बॉल जॉइंट गेलाय: नुसता जॉइंट बदलू की अख्खा लोअर आर्म?

आवाज पहिल्यांदा आईने पकडला. गोव्यात रायबंदरहून चोडणला जायला फेरीबोटीत गाडी चढवत होतो, पुढचं चाक रॅम्पवर चढलं आणि खालून एकदाच 'टक' झालं. आई मागे बसलेली, म्हणाली काहीतरी सुटलंय रे खाली. मी ते रॅम्पच्या लोखंडाचं म्हणून सोडून दिलं होतं. पेट्रोलच्या गाडीत असा आवाज इंजिनाखाली दबून जातो, माणूस तसाच पाच-सहा हजार किमी फिरतो. इलेक्ट्रिक गाडीत दाबायला काही नसतंच, खालचं सगळं ऐकू येतं, आणि हा तिचा मोठा गुण आहे असं मला आता मनापासून वाटतं.

गाडी तेव्हा ४८,००० किमी झालेली. पुढची चाकं ओढणारी, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, खाली एकच आर्म), गेलेला डावा लोअर बॉल जॉइंट. बॉल जॉइंट म्हणजे खालचा दांडा (लोअर आर्म) आणि चाक धरणारा धातूचा तुकडा (नकल) यांना जोडणारा, सगळीकडे फिरणारा सांधा. मला एका ठिकाणी सांगितलं नुसता जॉइंट काढून नवीन दाबून बसवतो, दुसरीकडे सांगितलं अख्खा लोअर आर्म बदला. दीड महिन्यात साखळीच्या माझ्या मावसभावाच्या त्याच मॉडेलला तोच त्रास सुरू झाला. मी आर्म बदलला, त्याने नुसता जॉइंट. म्हणून दोन्ही बाजू जवळून बघितल्यात, आणि ज्यांना आता ठरवायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

पण त्याआधी, बॉल जॉइंटच गेलाय हे नक्की करा, कारण पुढून टकटक म्हटलं की चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. बारीक बारीक खड्ड्यांवर सारखी खडखड येत असेल तर बहुतेक लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारा छोटा दांडा) असतो आणि तो स्वस्तात सुटतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना कर्रर्र किंवा स्प्रिंग सुटल्यासारखा टणत्कार आला तर वरचा स्ट्रट माउंट बघा. चाक हवेत उचलून घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवल्यावर प्ले (सैलपणा) लागला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचं टोक. १२ आणि ६ ला धरून लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, आणि या दोघांत फरक करायला सोपी युक्ती म्हणजे कोणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा, प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर जॉइंट. शेवटी आर्म आणि नकलच्या मधे टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकं उचलून बघायचं, जॉइंट गेलेला असेल तर डोळ्यांना हालचाल दिसते. हे करताना चाक मोकळं लोंबकळत हवं. मॅकफर्सनमधे आर्मखाली जॅक लावला की जॉइंट दाबला जातो आणि प्ले लपतो, आणि मग "काही नाही, ठीक आहे" म्हणून गाडी परत मिळते. माझ्या बाबतीत एकदा हेच झालं. वर-खाली दोन आर्म असलेल्या आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेल्या गाडीत मात्र उलट, तिथे आर्मखालीच जॅक लावून जॉइंट मोकळा करावा लागतो.

आता इलेक्ट्रिक गाडीत वेगळं काय ते. एकाच मॉडेलची पेट्रोल आणि इलेक्ट्रिक गाडी शेजारी ठेवली तर बॅटरीमुळे साधारण दीडशे ते तीनशे किलो फरक पडतो. मॅकफर्सनमधे गाडीचं वजन स्प्रिंगमधून वर बॉडीत जातं, बॉल जॉइंटवर ते थेट बसत नाही. पण वळताना आणि ब्रेक मारताना टायरचा जेवढा जोर येतो त्यातला मोठा वाटा त्या एका जॉइंटमधून आणि आर्ममधून जातो, आणि तो जोर वजनाबरोबर वाढतो. शिवाय रीजन, म्हणजे मोटरनेच गाडी आवरून बॅटरीत वीज परत भरणं. पाय उचलला की गाडी मागे ओढली जाते, दाबला की एकदम पुढे, पणजी-म्हापसा ट्रॅफिकमधे हे दिवसात शेकडो वेळा होतं. प्रत्येक वेळी आर्म थोडा पुढे-मागे होतो, आणि ते सहन करतं आर्मच्या बॉडीकडच्या टोकाचं मोठं रबर बुश, बॉल जॉइंट नव्हे. माझं सगळं म्हणणं इथेच आहे: लोक जॉइंटच्या किमतीवर निर्णय घेतात, घ्यायला हवा बुश बघून.

हे मला कळलं डिचोलीतल्या एका जुन्या मेकॅनिककडून. मी खाली वाकून जॉइंटचा फाटलेला रबर बूट दाखवत होतो, त्यांनी टॉर्च फिरवून मागच्या बुशवर धरला आणि एवढंच म्हणाले, "पयलीं बुश पळय, मागीर जॉइंटाचें उलोवया" (आधी बुश बघ, मग जॉइंटचं बोलू). रबराला आतपर्यंत चीर गेलेली. नुसता जॉइंट बदलला असता तर वर्षभरात तोच आर्म परत उतरवावा लागला असता, परत लेबर, परत अलाइनमेंट.

नुसता जॉइंट बदलणं कधी चांगलं? तुमच्या गाडीत तो कसा बसवलाय त्यावर आहे. काही गाड्यांत दोन-तीन बोल्टनी आर्मला लावलेला असतो, बोल्ट सोडा, नवीन लावा, अशा ठिकाणी बुश चांगलं असेल तर आर्म बदलायला मला काही कारण दिसत नाही. काहींत रिव्हेट असतात, ते ड्रिलने काढून त्या जागी नवीन पार्टबरोबर आलेले बोल्ट लावायचे, तेही ठीक. तिसरा प्रकार म्हणजे आर्मच्या भोकात प्रेस करून सर्क्लिपने (स्प्रिंगच्या गोल कडीने) अडवलेला, आणि इथे माणूस आणि मशीन दोन्ही चांगलं लागतं. मावसभावाचा हाच प्रकार होता, आर्म काढून लेथवाल्याकडे नेला, हायड्रॉलिक प्रेसवर जुना काढून नवीन सरळ बसवून घेतला, काम सुंदर झालं आणि आजपर्यंत आवाज नाही. पण त्याचं बुश कोरं होतं, त्याच्या जॉइंटचा बूट दगड लागून फाटलेला आणि उसगाव-साखळी रस्त्यावरचा खनिजाचा लाल चिखल आत गेलेला, म्हणजे जॉइंट झिजेने नाही, पाणी आणि माती जाऊन मेलेला. त्याच्यासाठी नुसता जॉइंट हाच बरोबर निर्णय होता. हातोडीने ठोकून बसवणारा कोणी असेल तर मात्र गाडी तिथून परत आणा, भोक एकदा ताणलं गेलं की नवीन जॉइंट घट्ट राहत नाही. आणि आर्म ॲल्युमिनियमचा असेल तर कंपनी बऱ्याचदा जॉइंट सुटा देतच नाही. तिथे बाहेर कोणी "करून देतो" म्हटलं तरी मी करणार नाही, ॲल्युमिनियमला बारीक तडा गेला तर तो दिसत नाही आणि कधी तुटेल सांगता येत नाही.

अख्ख्या आर्मचं म्हणाल तर पार्ट महाग, पण लेबर कमी आणि प्रेसची भानगड नाही. जॉइंट नवीन, दोन्ही बुश नवीन, माझ्या गाडीचं काम दीड तासात आटपलं. फक्त एक गोष्ट उभं राहून बघाच, मी हात जोडून सांगतो. आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे, किंवा आर्म खालून तेवढा उचलून धरलेला असला पाहिजे. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि नवीन कोरं बुश काही महिन्यांत फाटतं. बऱ्याच गॅरेजमधे घाईत हे होत नाही. लोक मग पार्टला शिव्या देतात.

जॉइंटच्या दुसऱ्या टोकाचं दोन्ही पर्यायांत सारखंच. नकलमधे तो एकतर निमुळत्या भोकात नटने ओढलेला असतो किंवा आडव्या पिंच बोल्टने आवळलेला असतो. आपल्याकडे खारं वारं, चार महिने पाऊस, त्यामुळे पिंच बोल्ट गंजून जागीच धरतो. रोज फेरीने जाणाऱ्यांचं तर विचारूच नका, मांडवीचं ते पाणी खारंच. तेल मारून वाट बघणं, हळूहळू पुढे-मागे फिरवणं, हेच योग्य. गॅस टॉर्च लावायला देऊ नका. पेट्रोलच्या गाडीत लोक लावतात, पण इथे पलीकडे थोड्या अंतरावर बॅटरीचा खोका आणि नारंगी हाय व्होल्टेज केबल असतात. काढलेले लॉक नट आणि पिंच बोल्ट परत वापरायचे नाहीत, नवीनच घ्यायचे, आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे. नकल बाहेर ओढताना ड्राइव्ह शाफ्ट फार ताणला तर आतला जॉइंट निसटतो, तेवढं लक्ष हवं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला की बाहेर? बॉल जॉइंटच्या कामाला हाय व्होल्टेजचं काहीच उघडावं लागत नाही, त्यामुळे "इलेक्ट्रिक आहे म्हणून बाहेर होणार नाही" हे खरं नाही. खरा प्रश्न गाडी उचलण्याचा आहे. बॅटरी फरशीखाली पसरलेली असते, आणि ज्याला सवय नाही तो पेट्रोलच्या गाडीसारखा जॅक मधेच कुठेतरी लावतो. खोक्याला पोचा आला तर सस्पेन्शनचे वाचवलेले पैसे विसरा, बऱ्याच गाड्यांना बॅटरीची ८ वर्षांची वॉरंटी असते आणि बाहेरून मार लागलेला खोका त्यात बसत नाही. मी बाहेरच्या गॅरेजला आधी एकच प्रश्न विचारतो, गाडी कुठून उचलणार ते बोट ठेवून दाखवा. सिलखालच्या (दाराच्या उंबऱ्याखालच्या) ठरलेल्या जागा दाखवल्या आणि रबरी पॅड काढले तर मी निश्चिंत. वॉरंटीत असलेली गाडी मात्र आधी कंपनीकडेच न्या, काही वेळा सस्पेन्शन पार्ट वॉरंटीत निघतात, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि खड्ड्यात जोरात आदळून आर्म वाकला असेल तर तो अपघात, इन्शुरन्सला लगेच कळवा, फोटो काढा. नुसती झीज इन्शुरन्समधे येत नाही.

पार्टबद्दल थोडक्यात: आर्म पेट्रोल मॉडेलचा बसतोय असं सांगून कोणी दिला तर पार्ट नंबर जुळवल्याशिवाय घेऊ नका, दिसायला सारखा असला तरी बुशचा कडकपणा वेगळा असू शकतो.

एक बाजू की दोन्ही? जॉइंट दगडाने मेला असेल तर एकच बाजू पुरे. झिजेने किंवा बुश फाटून गेला असेल तर दुसरी बाजूही तेवढेच किमी चाललेली आहे, ती उचलून तपासा आणि बुशला चीर किंवा जॉइंटमधे प्ले दिसला तरच बदला. मी दोन्ही बदलले, कारण उजवीकडेही चीर होती. अलाइनमेंट एकाच खर्चात झाली. ती अलाइनमेंट काहीही केलं तरी करायचीच, जड गाडीत टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) थोडा चुकला तरी पुढचे टायर आतून किंवा बाहेरून भराभर खातात आणि इलेक्ट्रिक गाडीचे टायर स्वस्त नाहीत. त्यानंतर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहिलं तर तसंच घरी आणू नका, लेन कॅमेरा असलेल्या गाडीत स्टेअरिंग सेन्सरचं झिरो परत सेट करायला लागू शकतं.

आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, पार्ट यायला आठवडा लागतोय, तोवर चालवू का. बूट नुसता फाटलाय, प्ले नाही, तर हळू, जवळच्या जवळ चालेल. टॉमीने डोळ्यांना हालचाल दिसत असेल तर नको, घरातली माणसं बसवून तर अजिबात नको, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर असली तरी नको. जॉइंट निसटला की चाक बाहेर आडवं पडतं, स्टेअरिंग हातात असून उपयोग नसतो, आणि हे झुआरी पुलावर होईल की घराच्या वळणावर ते कोणी सांगू शकत नाही. गाडी न्यायचीच असेल तर फ्लॅटबेडवर चारही चाकं वर ठेवून न्या. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायला देऊ नका, ती फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार होते, त्यात मोटर आणि इन्व्हर्टरचं नुकसान होऊ शकतं. टोइंगवाल्याला फोनवरच सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे, नाहीतर तो हुकवाला ट्रक घेऊन येतो.