डेकचा जुना स्टेन काढायला देताय? आधी हे वाचा

गुहागरला आमच्या घरामागे, पोफळीच्या वाडीकडे तोंड करून सागवानी फळ्यांचा डेक आहे. खाऱ्या हवेनं आणि पावसानं त्याचा जुना स्टेन, म्हणजे लाकडावर दिलेला रंगाचा थर, पापुद्र्यांनी सुटत होता. अशावर नुसता नवा हात मारून टिकत नाही, जुना थर लाकडापर्यंत उतरवावाच लागतो. बाहेरगावच्या एका ठेकेदारानं ते काम चौरस फुटाच्या दरानं घेतलं. "इम्पोर्टेड रिमूव्हर वापरतो ताई, लाकडाला धक्का लागणार नाही," म्हणाला, आणि रिमूव्हरचे पैसे आगाऊ घेतले.

डबे दाखवले ते खरे होते. पण कामाच्या दिवशी त्याच्या माणसांनी बादलीतल्या पाण्यात पांढरे दाणे ओतले आणि बादली बाहेरून तापली. सासूबाई पूर्वी खोबरेलाचा साबण घरी करायच्या, त्यांनी लगेच ओळखलं: कॉस्टिक सोडा. विचारलं तर, "हे नुसतं आधीच्या धुण्याला, रिमूव्हर नंतर," असं गोड बोलून वेळ मारून नेली.

कॉस्टिकनं स्टेन भराभर निघतो, हे खरंच. पण सागाचं लाकूड त्यानं काळवंडतं, तंतू मोकळे होऊन फळीवर लव उभी राहते. नंतर भरपूर पाण्यानं धुऊन ऑक्झॅलिक ॲसिडचा हात दिला नाही, तर क्षार लाकडातच राहतो आणि वरचा थर धरत नाही. यातलं काहीच केलं नाही. फळ्या काळ्या पडल्यावर "सागाचं तेल वर आलंय" म्हणाले, पाऊस तोंडावर आल्याची घाई लावली आणि ओलसर लाकडावरच गडद पॉलिश चढवून बाकीचे पैसे घेऊन गेले. डेकखालच्या अळूची पानं जळाली ती वेगळीच.

गणपतीपर्यंत पॉलिश सोलून निघायला लागलं. गावच्या सुतारानं पटाशीनं खरवडून दाखवलं: वर काळी लव, आणि कठड्याखाली जुना स्टेन जसाच्या तसा, त्यावरच नवा रंग. फळी ओली करून तांबडा लिटमस कागद टेकवला, तो निळा झाला, म्हणजे क्षार लाकडातच होता. मला खरा संताप आला तो इथे. पैसा परत मिळवता येतो, खराब झालेला साग कुठून आणायचा?

म्हणून कळकळीनं सांगते, उघडं लाकूड स्वतः बघितल्याशिवाय नवा हात मारू देऊ नका. पाण्याचे थेंब टाका; मोत्यासारखे उभे राहिले तर बहुधा जुना थर अजून आहे. लिटमस लावा. डबा आपल्यासमोर फोडायला लावा आणि बिलावर मालाचं नाव लिहून घ्या.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. हीच माणसं किनाऱ्यावरच्या होमस्टेंची कामं अजून घेताहेत असं कानावर येतं. तुमच्याकडे असं झालं असेल, तर दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो काढा आणि सुटलेले पापुद्रे एका पिशवीत जपून ठेवा.